शेरा : भेट नाही

सकाळी सहा दहाला बाबा देवघरासमोर पाट टाकायचे आणि साडेसहाला उठायचे. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, त्याचाही परिणाम असेल. पण हंगाम चालू असो की बंद, घरात लग्न असो की पाहुण्यांच्या अंथरुणांवरून उड्या मारत देवघर गाठावं लागो, या वीस मिनिटांत कधी फरक पडला नाही. ताम्हनात देव उतरवायचे, पळीनं पाणी घालायचं, पुसून जागेवर ठेवायचे. मग गंध, अक्षता, फूल, निरांजन, दूधसाखरेची वाटी. शेवटी घंटा. घंटा ऐकली की आई चहाचं आधण ठेवायची.

बाबांचा देवावर विश्वास आहे का, हा प्रश्न फलटणच्या आमच्या घरात कुणाला सुचलाही नसता. विहिरीला पाणी आहे का, असं रोज रहाट ओढणारा माणूस विचारत नाही. आणि विश्वास होताच. निकाल चांगला लागला, कारखान्यानं बोनस दिला, की ते वर बघून हात जोडायचे. गाडी चुकली की 'त्याची इच्छा' म्हणायचे आणि पुढच्या गाडीची वेळ बघायला जायचे. देवाशी त्यांचं कधी बिनसलं नाही. खरं सांगायचं तर देवाशी त्यांचं फारसं काही घडलंच नाही. पण हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि तेही धाकट्या काकांमुळे.

काका पोस्टमन होते. गावाबाहेरच्या सात-आठ वाड्या त्यांच्याकडे. खाकी कपडे, सायकल, खांद्याला पिशवी. मनीऑर्डर आली की म्हाताऱ्यांना त्यांच्या मुलाचा निरोप वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचे, ताक पिऊन पुढे निघायचे. बाबांच्या आणि त्यांच्या चेहऱ्यात इतकं साम्य, की लांबून हाक मारताना आम्ही चुकायचो. फरक एकच होता आणि तो घरात हसून सांगितला जायचा. 'त्याला देव बघायचाय.'

मानायला कुणाची हरकत नव्हती. बघायचाय म्हटल्यावर मात्र लोक खुणेनं डोक्याकडे बोट न्यायचे.

सुट्टी मिळाली की काका निघायचे. गोंदवल्याला, शिखर शिंगणापूरला, अक्कलकोटला, देहूला, पावसला. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातही जाऊन आले होते, आणि फलटणच्या महानुभावांच्या मंदिरात तर हाकेच्या अंतरावर म्हणून अधूनमधून. कुणाचा अनुग्रह घेतला नाही, कफनी घातली नाही, घरी आल्यावर कुणाला उपदेश केला नाही. परत आले की सायकलची चेन पुसायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर. काय झालं, कुणी दिसलं का, असं आम्ही पोरं विचारायचो, तेव्हा म्हणायचे, "टपाल परत आणलं."

२०१७ साली ते गेले. महिन्याभरानं काकूनं त्यांची एक डायरी माझ्या हातात ठेवली. "तुला असलं वाचायची हौस. मला त्यात हिशोबाशिवाय काही दिसत नाही," म्हणाली. तिचं बरोबर होतं. खिशात मावणारी, रबर लावलेली डायरी, आणि त्यात हिशोब. पण प्रत्येक प्रवासाच्या हिशोबाखाली काकांनी एक शेरा मारला होता. वाटप न झालेल्या पत्रावर पोस्टमननं कारण लिहून ते परत करायचं असतं. घर बंद, पत्ता अपुरा, गाव सोडून गेले, घेण्यास नकार, असं. काकांनी तीच भाषा वापरली होती.

'गोंदवले. एस.टी. जाऊन-येऊन. जेवण प्रसादाचं. चप्पल शिवली, ७५ पैसे. भेट नाही.'

'शिखर शिंगणापूर. पायी. शेंगदाणे-गूळ घरचे. घर बंद.'

'देहू, भंडारा डोंगर. रात्र काढली. थंडी. पत्ता अपुरा.'

'पंढरपूर, आषाढी. बारीत अठरा तास. केळी २ रु. घेण्यास नकार.'

पहिल्यांदा वाचताना मी मोठ्यानं हसले. काकूही हसली, मग डोळे पुसत आत गेली. रात्री पुन्हा डायरी उघडली तेव्हा हसू आलं नाही. पंचवीस-तीस वर्षं हा माणूस दर वेळी तिकीट काढून निघतो, दर वेळी रिकाम्या हातानं येतो आणि दर वेळी खरं तेच लिहितो. एकदा तरी 'भेट झाली' असं लिहून टाकायचा मोह झाला नसेल? कोण तपासणार होतं? माझ्या ओळखीत देवदर्शन घेऊन आलेला प्रत्येक जण 'काय प्रसन्न वाटलं!' म्हणतो. मीही म्हणते. प्रसन्न वाटलं नाही, असं सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

मराठीत आपण देव 'मानतो'. या क्रियापदाकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं, मुलाचा गणिताचा अभ्यास घेताना ते समोर आलं. 'ती संख्या क्ष मानू.' शाळेत हे वाक्य आपण शेकडो वेळा लिहितो. क्ष मानायचा तो पुढे समीकरण मांडायला, उत्तर काढायला, आणि ताळा करून बघायला. बाबांनी क्ष मानला, वहीला छान खाकी कव्हर घातलं आणि ती देवघरात ठेवून दिली. त्यांच्या लेखी उदाहरण तिथंच सुटलं. काकांनी मात्र तीच ओळ लिहून खालची सगळी वही खाडाखोडीनं भरली. मानलेल्या भावाचंही असंच असतं. राखी बांधतो, ओवाळणी घेतो, आणि रात्री दोन वाजता दार ठोठावायची वेळ आली की त्याच्याकडे जायचं की नाही, यावर दोनदा विचार करतो.

बाबांना देवाचा पत्ता पाठ होता. द्यायला टपाल नव्हतं, इतकंच.

१९८४ च्या दिवाळीच्या सुट्टीत काका मला तेरला घेऊन गेले. मी तेरा वर्षांची. बरोबर कुणी यायला तयार नव्हतं आणि मला एस.टी.त खिडकीजवळ बसायला आवडायचं, एवढंच माझं पुण्य. फलटणहून पंढरपूर, तिथून बार्शी. बार्शीला पुढची गाडी चुकली, रात्र स्टँडवर काढली. काकांनी मला भजी घेऊन दिली, स्वतः चहा घेतला आणि नामदेवांची गोष्ट सांगितली. गोष्ट मला माहीत होती, पण काका ती सांगायचे ते एखादं गुंतागुंतीचं टपाल सोडवत असल्यासारखी.

तेर म्हणजे गोरा कुंभारांचं गाव. गोरोबांच्या अंगणात संत जमले होते. ज्ञानदेव, मुक्ताबाई, सगळे. मुक्ताबाईनं गोरोबांचं थापटणं उचललं आणि विचारलं, हे कशासाठी? मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, गोरोबा म्हणाले. मग आम्हांलाही तपासा की. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेवांवर पाळी आली आणि ते चिडले. हा काय पाहुणचार? गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

"आता बघ," काका म्हणाले, "नामदेवांइतका देवाच्या जवळचा माणूस कोण? लहानपणी नैवेद्य घेऊन हट्टाला बसले तर विठ्ठलानं ताट संपवलं. बोलायचे त्याच्याशी. आपला दादा देव मानतो, पण त्याच्याकडचा नैवेद्य देवानं खाल्ला तर घाबरून पळत सुटेल."

मी हसले. बाबा खरंच पळाले असते.

"म्हणजे विश्वासात काही कमी नव्हतं. तरी कच्चं म्हणाले. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले, तर विठ्ठलसुद्धा म्हणतो, ते म्हणतात ते खरं आहे, तू औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा. आपल्या हातून जेवलेला देव आपल्यालाच म्हणतो, दुसरीकडे जा."

औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी हटकलं, तर म्हणाले, म्हातारा झालोय, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि ठेवतील तिथं पिंडी. गोष्ट इथं संपते असं आपण समजतो. पण त्यानंतर नामदेव पंढरपूर सोडून निघाले ते थेट पंजाबात पोचले. घुमानला राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ज्याचा देव एका विटेवर मावत होता, त्याला एवढं चालावं लागलं. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा काकांना फार वाटत होतं जावं. तोवर गुडघे गेले होते.

त्या रात्री स्टँडवर मी त्यांना विचारलं, "काका, पत्ता सापडला नाही तर पत्राचं काय होतं?"

"पाठवणाऱ्याकडे परत."

"आणि पाठवणाऱ्यानं नावच लिहिलं नसेल तर?"

"मग ते एका वेगळ्या कचेरीत जातं. पत्र फोडायचा अधिकार आम्हांला नाही. तिथं आहे. तिथं फोडतात आणि आत बघतात, पाठवणारा कोण ते सापडतंय का."

तेव्हा मला यात टपालखात्याची माहिती दिसली. मी भज्यांचा कागद चुरगाळला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले.

तेरला सकाळी पोचलो. तेरणा नदीच्या काठाला गोरोबांचं समाधिमंदिर आहे. काका आत जाऊन बसले ते उठेचनात. अर्धा तास, तास, दीड तास. मी पायऱ्या मोजल्या, कुत्र्याला बिस्कीट घातलं, दोनदा रडले. शेवटी गावातल्या एका माणसाला माझी दया आली आणि त्यानं मला तिथल्या संग्रहालयात नेलं. तेर हे फार जुनं गाव. सातवाहनांच्या काळात तगर म्हणून प्रसिद्ध होतं, इथला माल पार रोमपर्यंत जायचा. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं ते संग्रहालय. मातीच्या बाहुल्या, मणी, भांडी. सगळं मातीचं, हजार-दोन हजार वर्षांचं. एका कपाटातलं मडकं मला अजून आठवतं. काठाला टवकासुद्धा नाही. इतकं पक्कं भाजलेलं, की सगळी राज्यं गेली आणि ते राहिलं. काचेच्या आत. त्यात पाणी कुणी भरत नव्हतं, हे अर्थात आलंच.

बरीच वर्षं मी या गोष्टीतलं पक्कं म्हणजे चांगलं आणि कच्चं म्हणजे वाईट, असं धरून चालले होते. गोष्टच तशी सांगतात. माझा गोंधळ झाला तो आमच्या कुंभारआळीत.

आई चैत्रात माठ घ्यायला जायची, मी पिशवी धरून मागे. माठ उचलायचा, उन्हाकडे धरून आत बघायचं, कुठून उजेड येतोय का. मग बोटाचं पेर मुडपून टकटक करायचं. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद वाजला तर खाली ठेवायचा. आईचा कान असा तयार होता, की कुंभार तिच्यासमोर चिरलेला माठ काढायचाच नाही. एका वर्षी आई घासाघीस करत असताना मी मागच्या अंगणात गेले. म्हातारा कुंभार एका ओल्या मडक्याचं बूड घडवत बसला होता. चाकावरून उतरवलेलं मडकं जाड आणि लहान असतं, ते नंतर ठोकून मोठं करतात. एक हात आत, त्यात दगडी गोटा. दुसऱ्या हातात लाकडी थापटणं. चिकटू नये म्हणून मधूनमधून राख. आतून आधार, बाहेरून थाप, आणि मडकं तसूतसूनं फुगत जातं. बघत बसावं असं काम.

मी शहाणपणानं विचारलं, "याच थापटण्यानं गोरोबांनी संतांची डोकी तपासली ना?"

म्हाताऱ्यानं मान वर न करता म्हटलं, "सांगत्यात तसं. पर भाजल्यालं मडकं कोन थापटण्यानं तपासंल? फुटंल की. हे कच्च्यालाच लागतं."

मी आईकडे आले. माठ ठरला होता.

कीर्तनकारांना हे पटणार नाही, आणि परंपरेला जो अर्थ अभिप्रेत आहे तो मी मोडीत काढत नाही. अहंकार भाजून निघायला हवा, हे आहेच. पण एकदा ऐकल्यावर म्हाताऱ्याचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. थापटणं हे घडवायचं हत्यार आहे. ज्याला अजून आकार येऊ शकतो त्यालाच ते लागतं. त्या अंगणात सगळ्यांच्या डोक्यावर थाप पडली आणि ती लागली एकट्या नामदेवांना. बाकीचे पोचलेले, ते गप्प राहिले. आणि आमच्यासारखे, ज्यांचं मडकं लहानपणीच आईबापांच्या आव्यात भाजून निघालं, तेही गप्पच राहिले असते. बाबांच्या डोक्यावर गोरोबांनी थापटणं मारलं असतं, तर बाबा खणखणीत वाजले असते. मग घड्याळ बघून उठले असते.

नामदेवांचा तो अभंग बाबा एकादशीला म्हणायचे. 'पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा, पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा.' चालीत, टाळ्या वाजवत म्हणायचे. शब्द काय आहेत? तुझी ख्याती ऐकून आलो, तू तसा नाहीस, निघालो परत. हे देवाच्या तोंडावर. तुकोबा तर एका अभंगात 'माझे लेखी देव मेला' म्हणून मोकळे झाले. बाबांना कुणी हे गद्यात म्हणायला लावलं असतं तर जीभ उचलली नसती. ज्यानं कधी दार ठोठावलं नाही, त्याला दार उघडलं नाही म्हणून रागावायचा प्रश्नच येत नाही.

इथपर्यंत वाचून मी काकांची आरती ओवाळते आहे असं वाटेल. तसं नाही. काकूची बाजू मला जास्त जवळून माहीत आहे.

१९९६ च्या कार्तिकात काका बिनपगारी रजा घेऊन नर्मदा परिक्रमेला गेले. नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठंही न ओलांडता, अडीच हजारांवर किलोमीटर पायी. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस लागतात. काका भराभर चालून चार महिन्यांत आले. त्या चार महिन्यांत माझ्या चुलतभावाला कावीळ झाली. काकू साड्यांना फॉल लावून घर चालवत होती, एका रिक्षावाल्याच्या हातापाया पडून पोराला दवाखान्यात नेत होती. मोबाइल नव्हते. नर्मदेच्या काठावर कुठं आहे माणूस, कुणाला ठाऊक. बाबांनी पैसे दिले, रोज दवाखान्यात बसले, आणि सकाळी सहा दहाला नित्याप्रमाणे पूजा केली. त्या महिन्यांत त्या घराच्या उपयोगी पडला तो बाबांचा देव. काकांच्या देवाचा पत्ता नव्हता.

काका परत आले, दाढी वाढलेली, पायांना भेगा. पोरगा तोवर बरा झाला होता. काकू काही बोलली नाही. जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाली, "गोरोबांच्या बायकोचं नाव घेतं का कुणी तुमच्या कीर्तनात?"

नामाच्या नादात चिखल तुडवताना गोरोबांच्या पायाखाली त्यांचं रांगतं मूल आलं, ही गोष्ट आपण भक्तीची पराकाष्ठा म्हणून ऐकतो. नंतर मूल जिवंत होतं, म्हणून ऐकवते तरी. काकूनं ती त्या बाईच्या जागेवरून ऐकली होती. काकांनी ताटातला घास तसाच ठेवला. काकूची माफी त्यांनी मागितली का, मला माहीत नाही. मला वाटतं मागितली नसावी. देवाला शोधायला निघालेल्या माणसांना घरातली माणसं दिसायला फार वेळ लागतो, हे मी दुसऱ्याही घरांत बघितलं आहे.

परिक्रमेची पानं मात्र डायरीत वेगळी आहेत. रोज एक ओळ. गावाचं नाव आणि कुणी काय खायला दिलं ते. 'म्हातारीनं मक्याची रोटी, मिरची.' 'शाळामास्तर, चहा दोनदा.' शेरा कुठंच नाही. शेवटच्या पानावर 'ओंकारेश्वर. पूर्ण. चप्पल तीन जोड.' तिथंही शेरा नाही. मी एकदा थेट विचारलं होतं, झाली का भेट? ते खूप वेळ कानात काडी घालत राहिले. मग म्हणाले, "त्या वेळी शेरा मारायचं राहूनच गेलं." एवढ्यावर मी काय समजायचं ते समजावं.

बाबांचं एक सांगायचं राहिलं. आई गेली तेव्हा दहा दिवस सुतक. पूजा नाही. देवघराची दारं लोटून ठेवली. पहिल्या सकाळी सहा दहाला मी चहा ठेवायला उठले, तर बाबा देवघरासमोर पाटावर बसलेले. ताम्हन नाही, घंटा नाही, हातांना काम नाही. बंद दाराकडे बघत होते. मी त्यांना तिथं हजारो वेळा बसलेलं बघितलं असेल, पण तेव्हा हात सतत चालू असायचे. गंध, फूल, वात. ते नसताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. दवाखान्यात आयसीयूच्या दाराबाहेर माणसं बसतात ना, आत कोण आहे, आत काय चाललंय, काही सांगत का नाहीत, तसा. रोज असंच. पाचव्या-सहाव्या दिवशी मी शेजारी बसले तर म्हणाले, "एवढी वर्षं रोज येतोय. काही बोलणंच झालं नाही गं कधी."

त्या दहा दिवसांत माझे बाबा देवाला शोधत होते, असं माझं ठाम मत आहे. चौदाव्या दिवशी देव उजळून जागेवर ठेवले, सहा दहाला पाट पडला आणि साडेसहाला घंटा वाजली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. ते सकाळचं तोंड मला पुन्हा बघवलं नसतं. पुढची नऊ वर्षं पूजा एकदाही चुकली नाही आणि त्या वाक्याचा विषयही निघाला नाही.

माझं म्हणाल तर मी बाबांचीच मुलगी. पुण्यात फ्लॅटच्या पॅसेजमध्ये छोटं देवघर आहे. माझी पूजा चार मिनिटांत होते, कारण आठ चाळीसची बस गाठायची असते. एका वर्षी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर पालखीसोबत पुण्याहून सासवडपर्यंत चालले. नवे बूट, टोपी, ओआरएसची पाकिटं. दिवे घाटात माझ्या शेजारून नऊवारीतली एक आजी चालत होती, डोक्यावर तुळस. तिला विचारलं, पंढरपुरात दर्शनाला किती वेळ लागतो? म्हणाली, "म्या आत जात न्हाई. चंद्रभागेत बुडी मारायची, कळस बघायचा आन् माघारी. घरी म्हसरं हायती." अडीचशे किलोमीटर चालून मूर्ती न बघता परत. मी थक्क होऊन आणखी काही विचारणार होते, तेवढ्यात तिनं पुढच्या दिंडीचा अभंग उचलला आणि घाट चढून गेली. मी सासवडला पाय सोडून बसले आणि फेसबुकवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'काय प्रसन्न वाटलं!'

या माघात लातूरच्या शाखेचं ऑडिट होतं. परतताना ड्रायव्हरला म्हटलं, जरा तेरवरून घेऊ. चाळीस वर्षांनी गेले. काकांची डायरी पर्समध्ये होती. ठरवून घेतली होती की तशीच पडून होती, मला नक्की सांगता येणार नाही. देवळात दुपारची वेळ, दोन-तीन माणसं. समाधीवर डोकं टेकवलं, बाजूला बसले. काका बसले होते तिथं बसावं असं मनात होतं, पण जागा नक्की आठवेना. डोळे मिटले तर ऑडिटमधला एक न जुळलेला आकडा आला. उघडले. परत मिटले. बाहेर कुणीतरी नारळ फोडला. पाच मिनिटांनी मी उठले.

गाडीत बसून १९८४ चं पान काढलं.

'तेर. दोघांची एस.टी., बार्शीला मुक्काम. पोरीला भजी १ रु. पोरगी दोनदा रडली. बसवलं म्हणून चिडली असेल. परत येताना खिडकी दिली. भेट नाही.'

त्याच्या समोरचं पान कोरं होतं. काका एका प्रवासाला एक पान वापरायचे आणि उरलेली जागा सोडून द्यायचे. मी जेल पेन काढलं. तारीख लिहिली. तेर, लिहिलं. गाडी ऑफिसची, खर्च नाही, लिहिलं. पुढे पेन टेकवून बसले. घर बंद लिहावं तर घर उघडं होतं. पत्ताही बरोबर होता.

"मॅडम, निघायचं का? बार्शीच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, अंधार पडायच्या आत तेवढं पार करू."

निघू या म्हटलं आणि डायरी मिटली. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा पुन्हा उघडून बघितली. शाई वाळायच्या आधीच मिटली गेली होती. माझी तारीख काकांच्या पानावर, भज्यांच्या हिशोबाशेजारी, उलटी उमटली होती.